ताटीआडचे मौन : कौटुंबिक भावना, मानसोपचार आणि आपले साहित्य

१

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्याचे नाव मराठी साहित्याच्या चर्चेत सहसा येत नाही. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा हमरस्ता या तालुक्यातून जातो. कडोदऱ्याच्या बाजूस कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्या आहेत, चलथाणास साखर कारखाना आहे. उधन्याहून निघालेला लोहमार्ग चलथाणावरून बारडोली, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी गावे घेत जळगावास पोहोचतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेच्या आसमंतात आली, ती बहुधा याच मार्गाने. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि मुलाच्या क्रमिक पुस्तकात मराठी अशा चार भाषांतून यांतील कित्येक घरांचा दिवस जातो.

गेल्या हिवाळ्यात तेथील शिक्षकस्नेह्यांच्या आग्रहावरून ‘मराठी साहित्यातील आई’ या विषयावर बोलण्याचा योग आम्हांस आला. ‘श्यामची आई’तील प्रसंग सांगत असता श्रोत्यांचे डोळे ओले झाले आणि आपले भाषण साधले अशा समाधानात आम्ही बोलणे संपविले. तोच एक प्रौढ गृहस्थ जवळ आले. त्यांचे सारे आयुष्य रंगकामाच्या गिरणीत गेलेले. ते म्हणाले, “गुरुजी, माझी माय जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आज ती आठवली, रडू आलं, बरं वाटलं. पण माझा पोरगा दोन वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही. एकाच घरात राहतो. त्याच्याशी काय बोलायचं, ते कोणत्या पुस्तकात आहे?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे बोलण्यात कळले ते असे. मुलगा सुरतेस एका समुपदेशकाकडे जात असे. त्या समुपदेशकाने आता वडिलांसही एकदा येण्याविषयी सुचविले होते. वडील मात्र अडले होते. घरातली गोष्ट परक्यापुढे कशी काढावी, आणि पोराने बापाविषयी परक्यास काय सांगितले असेल, या दोन विचारांनी त्यांचे पाऊल उचलत नव्हते. आम्ही त्यांस जाण्याविषयी आग्रह केला. परंतु तो आग्रह एका वडीलधाऱ्या माणसाचा होता, साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हता. अभ्यासक म्हणून त्या प्रश्नाचे जे देणे राहिले, ते फेडण्याचा हा यत्न आहे.

२

भावनेविषयी आपल्या काव्यशास्त्राने जितका सूक्ष्म विचार केला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणी केला असेल. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेचा परिचय येथे करून देण्याचे कारण नाही, रा. श्री. जोग, के. ना. वाटवे आदी अभ्यासकांनी ती मराठी वाचकांच्या अंगवळणी पाडली आहे. काव्यातील शोक हा अमुक एका माणसाचा राहत नाही. तो देश, काल आणि व्यक्ती यांच्या बंधनांतून सुटतो आणि म्हणूनच आस्वाद्य होतो. ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या भावविरेचनाचा मार्ग निराळा असला, तरी दुसऱ्याच्या दुःखाच्या दर्शनाने आपले मन हलके होते, हा अनुभव दोन्हीकडे गृहीत धरलेला आहे.

मानसोपचाराची वाट नेमकी याच्या उलट दिशेने जाते. तेथे विचारले जाते ते असे : हे दुःख कोणाचे? केव्हापासूनचे? कोणास सांगावयाचे राहून गेले? साहित्याने जी भावना व्यक्तीच्या नावापासून सोडविली, ती मानसोपचार पुन्हा त्याच नावाला नेऊन भिडवितो. पहिल्या व्यापारास साधारणीकरण म्हणावयाचे, तर दुसऱ्यास विशेषीकरण म्हणता येईल. यांतील एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असे आम्ही मानीत नाही. चूक होते ती एकास दुसरे समजण्यात. श्यामच्या आईसाठी डोळे पुसणाऱ्या वाचकास आपण आपल्या आईचे ऋण फेडले असे वाटू लागते; ती मात्र शेजारच्या खोलीत एकटीच बसलेली असते. रसास्वादात अश्रू ही परिणती असते. घरात त्या अश्रूंनंतर बोलणे सुरू व्हावयाचे असते.

म्हणून कौटुंबिक भावनेच्या वाङ्मयास एक साधा प्रश्न विचारावा असे आम्हांस सुचते. या कृतीतील हृद्गत कोणासाठी होते, आणि ज्याच्यासाठी होते त्याच्यापर्यंत ते गेले काय? हाच प्रश्न घेऊन खानदेशाशी नाते असलेल्या चार कृतींकडे पाहावयाचे आहे. खानदेशातील कृती निवडण्याचे कारण उघड आहे. पलसाण्याच्या त्या गृहस्थांचे मूळ घर तेच.

३

पहिली कृती मुक्ताबाईचे ताटीचे अभंग. मुक्ताबाईची समाधी जळगाव जिल्ह्यात मेहूण येथे आहे असे वारकरी परंपरा मानते. त्याच परिसरातून वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ समुद्रास मिळते. अभंगांमागील कथा सर्वश्रुत आहे. लोकांच्या अवहेलनेने व्यथित झालेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसतात आणि वयाने धाकटी असलेली बहीण बाहेरून त्यांस ताटी उघडण्याविषयी विनविते.

या अभंगांकडे आपण आजवर प्रामुख्याने संतलक्षणांचे निरूपण म्हणून पाहत आलो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांची मूळ घटना पूर्णतः कौटुंबिक आहे. आईबापांविना वाढलेल्या चार भावंडांतील एकाने स्वतःस कोंडून घेतले आहे. दार मोडणे धाकटीच्या हाती नाही, आणि मोडण्याची तिची इच्छाही नाही. ती बाहेर उभी राहते आणि बोलत राहते. जिवंत माणसाने जिवंत माणसाशी, त्याच्या दुखावलेपणाच्या ऐन घडीस, त्याच्याच दाराशी उभे राहून बोलावे, असे आपल्या वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी आढळते.

तथापि या अभंगांची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. त्यांत बहिणीचे बोलणे आहे, भावाचे नाही. ताटीआड बसलेल्या माणसास काय लागले, कोणता शब्द रुतला, हे आपल्यास त्याच्या तोंडून कळत नाही. बहीण त्यास त्याच्या थोरपणाची आठवण देते, क्षमेचा मार्ग दाखविते आणि ताटी उघडते. ज्ञानेश्वरांच्या बाबतीत तेवढे पुरले. परंतु सामान्य घरांत आपण मुक्ताबाईचा अर्धाच भाग उचलला. “तू मोठा आहेस, तू समजूतदार आहेस, सोडून दे” असे आपण रुसलेल्यास सांगतो आणि त्याची व्यथा ऐकून घेण्यापूर्वीच त्याच्याकडे क्षमा मागतो. अशा समजुतीने दार उघडते खरे, पण आतली व्यथा आतच राहते. मानसोपचाराने येथे जी भर घातली, ती एवढीच की ताटीआडच्या माणसाचे बोलणे आधी ऐकावयाचे आणि क्षमेचा विषय मागाहून काढावयाचा.

४

दुसरी कृती ‘बहिणाबाईंची गाणी’. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या जळगावजवळील असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून. ऐन उमेदीत वैधव्य आले. मुलांचे संगोपन, शेत आणि घर यांत आयुष्य गेले. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात खपताना जे ओठी येई, ते पुत्र सोपानदेव आणि आप्तांपैकी पीतांबर चौधरी यांनी टिपून ठेविले, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आले.

या गाण्यांची भाषा, प्रतिमा, तत्त्वचिंतन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते त्यांच्या श्रोत्याकडे. ओवी ही जात्यापुढे गाइली जाते. जाते ऐकते, पण उत्तर देत नाही, कोणास जाऊन सांगत नाही, आणि बाई रडली तर त्याच्या घरघरीत ते रडणे झाकले जाते. शतकानुशतके आपल्या घरांतील स्त्रीने सासरचे दुःख, माहेरची ओढ, पतीचा वियोग हे सारे या मुक्या श्रोत्यापुढे ओतले. घरातली गोष्ट बाहेर काढू नये असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये, की आपल्या घरांत सांगण्याची जागा नेहमीच होती. ती माणसाऐवजी दगडाकडे दिलेली होती, इतकेच.

बहिणाबाईंच्या बाबतीत निराळे घडले ते हे की जात्यापलीकडे एक मुलगा कान देऊन बसला. आईच्या वैधव्याचे गाणे मुलाने आपल्या हाताने लिहून घ्यावे, ही घटना वाङ्मयेतिहासात संहितेची कथा म्हणून नोंदली जाते. आम्हांस ती कौटुंबिक इतिहासातीलही मोठी घटना वाटते. पोरक्या झालेल्या मुलास आईने आपले एकाकीपण समोर बसवून कधी सांगितले असते काय? बहुधा नसते सांगितले, आणि त्याच्याने ते विचारवलेही नसते. मध्ये गाणे आले म्हणून सांगणे आणि ऐकणे दोन्ही शक्य झाले. दोन माणसांत थेट जे बोलवत नाही, ते तिसऱ्या एका गोष्टीच्या आधाराने बोलता येते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडावयाचा आहे.

५

तिसरी कृती ‘श्यामची आई’. साने गुरुजी जन्माने कोकणातले, परंतु त्यांच्या शिक्षकपणाची वर्षे अमळनेरची आणि खानदेशाने त्यांस आपलेच मानले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात या पुस्तकाचा पुष्कळसा भाग लिहून झाला आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. तीन पिढ्या या पुस्तकावर रडल्या आणि त्या रडण्याने त्यांचे काही चांगलेच झाले, याविषयी आम्हांस शंका नाही.

पुस्तकाची घडण पाहावी. आश्रमातील मित्रांपुढे श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. ऐकणारे जिव्हाळ्याचे आहेत, ते मध्ये प्रश्न करतात, गहिवरतात, दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात. बोलण्याने मन मोकळे होण्याची ही उत्तम मांडणी होय. परंतु जिच्याविषयी हे सारे बोलणे आहे, ती केव्हाच गेलेली आहे. श्याम घरी पोहोचतो तो तिच्या मृत्यूनंतर. बेचाळीस रात्रींचे हे कथन म्हणजे एका अर्थी त्या चुकलेल्या भेटीचेच कथन आहे. जे बोलणे एका व्यक्तीस उद्देशून व्हावयाचे होते, ते सर्व महाराष्ट्रास उद्देशून झाले. साहित्याचा यात लाभ झाला. श्यामची हानी मात्र भरून आली नाही, आणि पुस्तक ती भरून आल्याचे भासवीतही नाही. हा त्याचा प्रामाणिकपणा होय.

पुस्तकात एक प्रसंग मात्र वेगळा आहे, आणि समीक्षकांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. पोहावयास जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामास आई शिंपटीने मारते आणि विहिरीकडे धाडते. तो पोहून परत येतो. त्यानंतर ती त्याच्या अंगावरील वळ पाहते, स्वतः कळवळते, आणि आपण का मारले ते त्यास समजावून सांगते : आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणू नये, एवढ्यासाठी. मुलास मारणाऱ्या आया आपल्या वाङ्मयात पुष्कळ आहेत. मारल्यानंतर त्याच दिवशी, त्याच मुलाशी, आपल्या हातून पडलेल्या वळांविषयी बोलणारी आई विरळा. मारण्याचे समर्थन आम्ही येथे करीत नाही. आम्हांस दिसते ते हे की तिच्या प्रेमाचा पुरावा त्या कळवळ्यापेक्षाही त्या समजावून सांगण्यात अधिक आहे. तिने आपला दुबळेपणा मुलासमोर उघडा केला आणि तसे केल्याने तिचे आईपण उणे झाले नाही.

येथे एका दुःखद गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले. त्यामागील कारणे पुस्तकांतून शोधीत बसण्याचा अधिकार आम्हांस नाही. तसे करणे असभ्यपणाचे होईल. परंतु महाराष्ट्रास अश्रूंची पवित्रता शिकविणाऱ्या पुरुषाचा हा अंत स्मरल्यावर, हृदय कोमल असले आणि डोळ्यांत पाणी आले की मनाचे सारे काही ठीक असते, असे वर्गात सांगण्याचे धैर्य आम्हांस तरी होत नाही.

६

चौथी कृती भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३). सांगवीहून पुण्यास शिकावयास गेलेला पांडुरंग सांगवीकर हा पलसाण्याच्या त्या मुलास सर्वांत जवळचा. त्याच्या बोलण्यातील ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांची मराठीत एके काळी साथच आली होती. त्यांची थट्टा पुष्कळ झाली, अनुकरण त्याहून अधिक झाले. आमच्या मते ते दोन शब्द म्हणजे पांडुरंगाची ताटी होय. एखादी गोष्ट मनास लागावयास आली की तो तिला ‘उदाहरणार्थ’ म्हणून दूर ठेवतो. लागलीच, तर ‘वगैरे’ म्हणून तिच्यावर माती लोटतो. भावना पुरण्याचा व्यापार एका माणसाच्या शब्दयोजनेतून इतक्या नेमकेपणाने दाखविणारी दुसरी मराठी कादंबरी आम्हांस ठाऊक नाही.

धाकटी बहीण मनी मरते तेव्हा हे कुंपण टिकत नाही. ज्या भाषेने आजवर सगळ्याची टर उडविली, तीच भाषा तेथे उघडी पडते, आणि उपरोधाखाली इतका वेळ काय दाबून ठेविले होते ते वाचकास कळते. परंतु ते वाचकासच कळते. घरातील कोणास नव्हे. विशेषतः वडिलांस नव्हे. बाप आणि लेक यांच्यातील देवघेव पैसा, परीक्षा आणि कारभार यांपलीकडे सहसा जात नाही. आपल्याकडे बापाची माया बहुधा फीच्या आणि खर्चाच्या पैशांतून प्रवास करते. मुलगा ती हिशेब म्हणून वाचतो, आणि ती माया होती हे सांगण्याची बापास रीत ठाऊक नसते. ‘कोसला’चा नायक घरी परततो, पण ही रीत त्या घरात कोणासच सापडत नाही. नेमाड्यांनी ती कृत्रिमपणे सापडवून दिली नाही, यात त्यांचे कलावंतपण आहे. तेवढ्याने वाचकाची गरज भागत नाही, ही गोष्टही तितकीच खरी.

७

चारही कृतींत एक समान सूत्र दिसते. मुक्ताबाई समोरच्याशी बोलते, पण त्याचे बोलणे आपल्यास ऐकू येत नाही. बहिणाबाई जात्याशी बोलतात आणि मुलगा कडेने ऐकतो. श्याम मित्रांशी बोलतो, आई ऐकावयास नाही. पांडुरंग फक्त वाचकाशी बोलतो. पुरलेली भावना प्रत्येक ठिकाणी तिसऱ्याच्या आधाराने वर येते. तिसरा हा परका नसून आपल्या परंपरेतीलच आहे. मानसोपचारज्ञ म्हणजे या तिसऱ्याचे आधुनिक रूप होय, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

१८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ॲना ओ. या नावाने वर्णिलेल्या रुग्ण स्त्रीनेच आपल्यावरील उपायास ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले. हे नाव वैद्याने दिलेले नाही, दुःख सोसणाऱ्या बाईने दिले, हे आपल्या ओवीच्या परंपरेत वाढलेल्यांस विशेष अर्थपूर्ण वाटावे. हा सारा प्रकार पाश्चात्त्यांचा म्हणून झिडकारणाऱ्यांस दोन गोष्टी सांगता येतील. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली. आणि १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांस आवारात तंबू ठोकून राहावयास लाविले व उपचारात सहभागी करून घेतले. कुटुंबास उपचाराच्या आत घेणे ही कल्पना या देशाच्या मातीतही उगवलेली आहे.

महाराष्ट्रातही ही परंपरा रुजली आहे. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली सुरू झालेली मानसिक आरोग्याची संस्था सर्वांस ठाऊक आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर मोरेश्वर फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. ही पद्धती भूतकाळ उकरण्यापेक्षा माणसाच्या हट्टी समजुती तपासण्यावर भर देते. भाषेच्या अभ्यासकास येथे एक गंमत दिसेल. आपल्या हट्टांचे सारे ओझे ‘च’ या एका अक्षरावर असते. मुलाने बापाचे ऐकलेच पाहिजे. बापाने मला समजून घेतलेच पाहिजे. तो ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहावे. आज्ञेची इच्छा होते, आणि इच्छा बोलून दाखविता येते.

आपल्या चित्रपटांनी या विषयास साहित्यापेक्षा अधिक धिटाईने हात घातला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) मनोविकाराने ग्रासलेल्या भावास बहीण आपल्या संसारात आणते आणि त्या संसारावरील ताणही चित्रपट लपवीत नाही. मुक्ताबाईची भूमिका येथे दार उघडल्यावरही संपत नाही, हे त्याचे मोल. त्यांच्याच ‘कासव’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. स्वतः खिन्नतेच्या विकारातून जात असलेली जानकी जीव द्यावयास निघालेल्या एका तरुणास आसरा देते आणि प्रश्नांचा भडिमार न करता थांबते. हे थांबणे चित्रपटाने फार हळुवारपणे दाखविले आहे. आमचा आक्षेप एवढाच, की येथेही आपुलकी लाभते ती रक्ताच्या नात्याबाहेर. घरच्या माणसाने घरच्या माणसासमोर बसावे, चुकावे, पुन्हा बसावे, हे अवघड दृश्य आपले कलावंत अजून टाळीत आहेत.

८

आता दोन शंका. पहिली अशी, की या दृष्टीने वाचू लागल्यास प्रत्येक पात्र रुग्ण ठरेल. ही भीती अनाठायी नाही. मनोविश्लेषणाच्या चार संज्ञा हाती घेऊन कवींच्या गंडांची यादी करणारी समीक्षा आपण पाहिली आहे. तिने कवितेवरही प्रकाश पडला नाही आणि कवीवरही. श्यामास वा पांडुरंगास आम्ही उपचारास पाठवीत नाही. आम्ही विचारतो ते कृतीच्या रचनेविषयी : येथे कोण कोणाशी बोलतो? हा प्रश्न वाङ्मयीनच आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मन मोकळे करण्याच्या नावाखाली आईबापांवर दोषांचे खापर फोडण्याची सवय लागेल, असे अनेक वडीलधाऱ्यांस वाटते. जो उपचार केवळ दोषारोप शिकवितो तो अपुरा, हे मान्य केले पाहिजे. पण दोष न बोलल्याने तो नाहीसा होत नाही. तो जेवणाच्या ताटावरील अबोल्यात, बंद दारात आणि तुटक उत्तरांत राहतोच. श्यामच्या आईने वळांविषयी बोलून दाखविले म्हणून श्यामच्या मनात तो प्रसंग कटुतेवाचून राहू शकला.

शिक्षकांस आमची एक विनंती आहे. ‘श्यामची आई’तील पाठ झाल्यावर ‘आईचे गुण लिहा’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : श्याम हे कोणास सांगत आहे आणि कोणास सांगावयाचे राहून गेले? उत्तर पुस्तकातून मागावे, मुलाच्या घरातून मागू नये. वर्ग ही घरची दुःखे सांगवून घेण्याची जागा नव्हे आणि शिक्षक उपचारक नव्हे. परंतु ज्या मुलाच्या डोळ्यांत त्या प्रश्नाने निराळे काही दिसेल, त्यास योग्य माणसाकडे जाण्याचा मार्ग दाखविणे शिक्षकाच्या हाती आहे. २०२२ साली केंद्र शासनाने सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर भारतीय भाषांतून मिळते, एवढी माहिती तरी प्रत्येक शाळेच्या फलकावर असावी.

पलसाण्याच्या त्या गृहस्थांचा निरोप पुढे काही महिन्यांनी शिक्षकस्नेह्यांच्या हस्ते आला. तो आम्हांस कळवावा अशी त्यांचीच इच्छा होती. ते गेले होते. पहिल्या भेटीत बाप-लेक दोघेही बोलले नाहीत. समुपदेशक गुजराती, व्यवहार हिंदीतून. वडिलांस हिंदी येत होते, पण ते कारखान्यातले हिंदी. त्यात माल, पाळी आणि पगार यांचेच शब्द होते. तिसऱ्या भेटीत, मुलास लहानपणी मारल्याच्या एका दिवसाविषयी ते एकदम अहिराणीत बोलू लागले. समुपदेशकास ते कळेना. तेव्हा मुलाने बापाचे ते बोलणे वाक्यावाक्याने हिंदीत करून सांगितले.

ते बोलणे काय होते, हे आम्ही विचारले नाही. ते कोणत्या पुस्तकात आहे, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्हांस देता येते. ते कोणत्याच पुस्तकात नाही. पण जात्याकडेला बसून आईचे गाणे लिहून घेणारा मुलगा ज्यांनी वाचला आहे, त्यांस बापाचे वाक्य दुसऱ्या भाषेत नेणारा हा मुलगा अनोळखी वाटणार नाही.